डोळे उघडे असावेत

दि. ३ फेब्रुवारी

चि. सौ. मुंगीस,

बाबाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र आणि सोबतचे व्हिसाचे कागद परवा मिळाले. पाकीट कडेला उसवलं होतं, पण आतले कागद मी मोजून घेतले, सहा भरले. तू सातवा घातला असशील तर लगेच कळव, तोवर माझ्या जिवाला चैन नाही.

डॉक्टरीणबाईंनी तुला एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख दिली आहे आणि पलंगावरून उठू नको म्हणून बजावलं आहे, हे वाचलं. बाबा त्याआधी उशाशी हवेत असं तू लिहिलंस. अगं, न यायला मी काय पाहुणा आहे? आई नसलेल्या मुलीच्या पहिल्या बाळंतपणाला, तेही चाळिशीत, बापाने नाही तर कुणी यायचं? जावईबापूंना सांग, म्हातारा येतोय, एक खाट रिकामी करा.

फॉर्म मी आधी पेन्सिलीने भरला. चौथीतून शाळा सुटलेला माणूस मी, एकेका चौकोनात एकेक अक्षर बसवताना घाम फुटतो. फोटोचे मात्र तेरा नियम आहेत. पाठीमागे पांढरं हवं, कान दिसायला हवेत, चष्मा नको, हसू नको, सावली नको, डोळे उघडे असावेत आणि फोटोवर हाताने काहीही काम केलेलं नसावं. मी मनाशी म्हटलं, चाळीस वर्षं फोटोच्या दुकानात लोकांच्या सुरकुत्या पुसल्या, आपल्याला कोण अडवतंय. गेलो आपल्याच जुन्या दुकानात. मालक गेल्यापासून त्यांची सूनच सगळं बघते. तिने मला खुर्चीत बसवलं, हनुवटी धरून सरळ केली आणि अकरा फोटो काढले.

अकराही फोटोंत माझे डोळे मिटलेले.

पहिल्या तीन-चारांना ती हसली. काका, रात्री कुणाच्या लग्नाला गेला होतात का, म्हणाली. मग तिने दिवे बदलले, मग कॅमेरा बदलला. मी पापणीसुद्धा हलवली नव्हती गं, डोळ्यांत पाणी येईतो समोर बघत होतो. शेवटी म्हणाली की मी तुमच्या डोळ्यांत बघूनच बटण दाबते आहे, उघडे दिसतात तेव्हाच दाबते आहे. एवढं बोलून तिने दिवे विझवले.

उजेड फार तिखट असतो हल्लीच्या दिव्यांचा, त्याने झालं असेल. तू काळजी करू नकोस. पाय उशीवर ठेवून पडून राहा. लोभ आहे तो तिथल्या थंडीत गारठू देऊ नकोस.

तुझा,
बाबा

ता. क. पाण्याची टाकी वाहते आहे. मी नसताना बघेल कोण, या विचाराने आत्तापासून धास्ती घेतली आहे.

*

दि. १३ फेब्रुवारी

ती. बाबांस,

मुंगीचा शि. सा. न. वि. वि. कागद सहाच होते. आता निवांत झोपा.

तुमचं पत्र वाचून मी इतकी हसले की पोटातलं पण हललं. हे विचारायला आले की काय झालं, तर म्हटलं सासरेबुवांना फोटोत झोप लागते. बाबा, यात नवीन ते काय? माझ्या चौथीच्या बक्षीससमारंभाचा फोटो काढून बघा. मी पेला धरून उभी आणि मागे तुम्ही डोळे मिटून. आमच्या लग्नाच्या फोटोंची आख्खी वही बघा, तेवीस फोटोंत तुम्ही आहात आणि तेवीसही वेळा गाढ झोपलेले. आत्या म्हणायची, पोरीचं लग्न होतंय आणि बाप पेंगतोय. दुसऱ्या कुणाकडे तरी काढून घ्या. स्टेशनावर फोटोचं यंत्र असतं, त्यात नाणं टाकलं की झालं. यंत्र काही तुमच्या मालकांच्या सुनेसारखं टोमणे मारणार नाही.

माझी तब्येत बरी आहे. खोटं कशाला सांगू, भीती वाटते. डॉक्टरीणबाई वरचेवर रक्तदाब बघतात आणि माझ्या आईचं काय झालं होतं म्हणून विचारतात. मला जन्म देऊन दोन तासांत गेली, एवढंच मला माहीत, तेवढंच सांगते. हे कारखान्यात गेले की दिवसभर मी आणि आईचा फोटो. तुम्ही लग्नात दिलेला तोच, पलंगासमोर लावला आहे. लहानपणी मी तुम्हाला विचारायची, आठवतं? आईच्या डोळ्यांत खिडकी का आहे? चार चौकोनांची, त्यातला खालचा एक काळा. तुम्ही म्हणायचात, दुकानातली खिडकी आहे ती, तुझी आई तुझ्या जन्माआधी आठ दिवस फोटो काढायला आली होती तेव्हा तिच्या डोळ्यांत उतरली. मी अजून ती खिडकी बघत पडते. खोलीत कुठेही सरकले तरी आई माझ्याकडेच बघते, त्याचा आधार वाटतो.

पण मला जिवंत माणूस हवंय बाबा. लवकर या. माया करताच, आता तिकीटही काढा.

तुमची,
मुंगी

*

दि. २५ फेब्रुवारी

चि. सौ. मुंगीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आलं, हसलीस हे वाचून बरं वाटलं. पण आता हसण्यावारी नेऊ नकोस.

स्टेशनावरच्या त्या यंत्रात गेलो होतो. उभं कपाट असतं, आत स्टूल आणि पडदा. एक बाई बोलते, म्हणजे यंत्रच बोलतं, पण फार अदबीने. स्टुलावर बसा, म्हणाली. बसलो. चष्मा काढा, म्हणाली. काढला. मग म्हणाली, कृपया डोळे उघडा. समोरच्या काचेत मी मला बघत होतो, डोळे टक्क उघडे. पुन्हा म्हणाली, कृपया डोळे उघडा. सहा वेळा म्हणाली. शेवटी मी दोन्ही हातांच्या बोटांनी पापण्या वर ओढून धरल्या. बाहेर रांगेतल्या कुणीतरी पडदा सरकवून पाहिलं, तर हा म्हातारा डोळे फाडून बसलेला. तो हसला. त्याच वेळी आतून ती पुन्हा तेच म्हणाली, आधीच्याच अदबीने. तो हसायचा थांबला आणि त्याने पडदा हळूच सोडून दिला.

फोटो पडले ते चार. चारही फोटोंत पापण्या खाली आणि माझी बोटं कपाळावर नुसती टेकलेली.

मग मी मूर्खपणा केला, तो तुला सांगतो. हात शिवशिवला. दुकानातल्या अकरांपैकी एक फोटो घरी आणला होता. ट्रंकेतून जुना ब्रश काढला, दोन केसांचा, आणि शाईची वडी. फोटोवर डोळे काढले. नखाएवढ्या जागेत काढले आणि चांगले काढले, अजून हात कापत नाही. तो फोटो अर्जाला लावून व्हिसाच्या ऑफिसात गेलो.

खिडकीतल्या बाईने तो भिंगाखाली धरला. हे हातकाम कुणाचं, म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझंच. सुरेख आहे म्हणाली, आणि अर्ज परत केला. वर परत केल्याचा शिक्का मारला. पण मुंगे, ती भिंग काही खाली ठेवेना. ती आधी म्हणे इस्पितळात कामाला होती. मला म्हणाली, आजोबा, माणूस आपण होऊन डोळे मिटतो तेव्हा पापणीला बारीक आठी पडते. तुमच्या शाईखाली आठी नाही. हे कुणीतरी हाताने मिटवलेले डोळे आहेत. एवढं बोलून तिने माझ्याकडे वर बघितलं, माझे डोळे उघडे आहेत ना याची खात्री करून घेतल्यासारखं.

आता ७ एप्रिलची वेळ दिली आहे. ती शेवटची. त्या दिवशी बिनहातकामाचा, उघड्या डोळ्यांचा फोटो नसला तर अर्ज सहा महिने बंद. सहा महिन्यांनी येऊन मी काय करू?

तू काही मनाला लावून घेऊ नकोस, असं लिहितो आहे, पण हे सगळं तुला कशाला लिहिलं तेही कळत नाही. लोभ राहू दे, रागावू नकोस.

बाबा

*

दि. ८ मार्च

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. रागावले नाही. पण एक विचारायचं आहे आणि तुम्ही सरळ उत्तर द्यायचं आहे.

तुम्ही फोटोत डोळे मिटता, हे मी आयुष्यभर थट्टेवारी नेलं. तुमच्या पत्रानंतर मात्र मी तुमच्या पासपोर्टाची प्रत काढून बसले, इथल्या कागदांसाठी तुम्ही पाठवली होती ती. त्यात तुमचे डोळे उघडे आहेत. तेवढ्याच एका फोटोत. मी भिंग आणायला लावलं. बाबा, त्या डोळ्यांत खिडकी आहे. चार चौकोन, खालचा एक काळा.

मग ह्यांना सांगून आईचा फोटो भिंतीवरून काढला आणि मांडीवर घेतला. कागदाच्या पट्ट्यांनी दोघांचं कपाळ आणि नाक झाकलं, नुसते डोळे ठेवले. हे म्हणाले, दोन्हीकडे एकच माणूस आहे. हे कामावर गेल्यावर मी तो फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. आणि मग पाठ फिरवलेल्या फोटोचीसुद्धा भीती वाटायला लागली म्हणून परत सरळ केला.

आईच्या फोटोतून माझ्याकडे कोण बघतंय? रक्तदाब वाढेल म्हणून माझ्यापासून लपवू नका. न कळल्यानेच तो वाढतो आहे.

माझा जीव तुमच्यापाशी आहे, हे वेगळं सांगत नाही.

मुंगी

*

दि. १९ मार्च

चि. मुंगीस,

आशीर्वाद. हे पत्र चारदा लिहून फाडलं. जावईबापू घरात असतील तेव्हाच पुढचं वाच.

तुझी आई फोटो काढायला दुकानात कधीच आली नव्हती. आठ दिवस आधी आली होती ही मी केलेली गोष्ट, तुझ्या आत्यालाही मीच पढवली होती. तिचा जिवंतपणी एकही फोटो नाही. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या दुकानाचं निम्मं काम तेच होतं. घरात माणूस गेलं आणि फोटो नाही असं लक्षात आलं की लोक मालकांना बोलवायचे. मालक जाऊन फोटो काढायचे, त्याची मोठी प्रत करायचे आणि ती माझ्याकडे यायची. मिटलेल्या डोळ्यांवर उघडे डोळे काढायचे, हे माझं काम. लोक फोटो घरी नेत आणि म्हणत, अगदी जिवंत वाटतात.

मालकांचा एक नियम होता. गेलेल्या माणसाचा भाऊ, मुलगा, बहीण, कुणीतरी रक्ताचं समोर बसवायचं आणि त्याचे डोळे बघून काढायचे. आपले कधीच काढायचे नाहीत. म्हणून माझ्या कामाच्या खोलीत आरसा ठेवू देत नसत. दुसऱ्याच्या घरात आपली नजर ठेवून येऊ नये, म्हणायचे. मला ती म्हाताऱ्या माणसाची लहर वाटायची.

तुझी आई गेली तेव्हा मालकच आले. तिला उशीला टेकवून बसवलं होतं. तू तिच्या डाव्या बाजूला, तिच्या मांडीला लागून, गुंडाळलेली होतीस. मोठी प्रत करताना कडेची तू फोटोतून कापली गेलीस. तिला कुणी भाऊ नव्हता, बहीण नव्हती. तू डोळे उघडले नव्हतेस. मी ब्रश घेऊन बसलो आणि मला तिचे डोळे आठवेनात. मुंगे, दीड वर्षाचा आमचा संसार. मी लाजायचो, ती माझ्याहून लाजायची. मी तिच्या डोळ्यांकडे धड पाहिलंच नव्हतं. दोन दिवस तसाच बसलो. तिसऱ्या दिवशी घरून दाढीचा आरसा नेला आणि माझे डोळे तिला काढले. खोलीतली खिडकी त्यांत आपोआप उतरली. तिची खालची एक काच फुटून तिथे पुठ्ठा लावलेला होता, तो तुझा काळा चौकोन.

त्यानंतर माझा एकही फोटो उघड्या डोळ्यांचा आला नाही. पहिली काही वर्षं मी योगायोग म्हटलं. मग फोटोत यायचं टाळलं. तुझ्या लग्नात टाळता आलं नाही. पासपोर्टावरचे डोळे मीच काढलेत, हाताच्या सवयीने खिडकीसकट, तेव्हा कुणी भिंग लावलं नाही.

आता ऐक. माझे डोळे तिच्या फोटोवरून निघाले तरच माझ्या फोटोत उघडतील, असं मला वाटतं. ती शाई पाण्याची आहे. कापसाचा बोळा ओला करून घट्ट पिळायचा आणि आतून बाहेर, हलक्या हाताने पुसायचं. शाई निघेल, कागदाला धक्का लागणार नाही. खाली तुझ्या आईच्या पापण्या आहेत, मिटलेल्या. पण मग तुझ्याकडे बघणारी आई राहणार नाही, जी लहानपणापासून तुझ्यापाशी आहे. म्हणून मी तुला पूस म्हणून सांगत नाही. नाही पुसलंस तर माझं येणं होणार नाही, ते मी सोसेन. ५ एप्रिलला सकाळी मी दुकानात शेवटचा फोटो काढायला बसणार आहे. ठरव तू.

आई पुसून बाप घ्यायचा की बाप सोडून आई ठेवायची, असं कोडं पोटुशी लेकीला घालणाऱ्या माणसाला लोभाबद्दल लिहायला तोंड नाही.

बाबा

*

दि. ५ एप्रिल

ती. बाबांस,

मुंगीचा नमस्कार. काल दुपारी पुसलं.

सात दिवस मी तुमच्यावर चिडून होते. मग एका सकाळी जाग आली आणि समोर बघताना मला एकदम कळलं की माझ्याकडे असं, कुठे पडेल का, खाल्लं असेल का, अशा काळजीने बघणारं माणूस मी ओळखते. आई असं बघत असेल असं मी समजत होते. ते तुम्हीच होतात. मग राग गेला.

ह्यांनी फोटो धरला, बोळा मी घेतला. तुम्ही सांगितलं तसं, आतून बाहेर. डावा आधी पुसला. शाई कापसावर आली, कपभर पाणी राखाडी झालं. हे मध्येच थांब म्हणाले. मी थांबले नाही.

बाबा, खाली मिटलेल्या पापण्या नाहीत.

खाली उघडे डोळे आहेत. तुमच्यासारखे काळेभोर नाहीत, फिकट आहेत, आणि त्यांत खिडकी नाही. मला काय दिसतं ते न सांगता मी ह्यांना विचारलं की तुम्हाला काय दिसतं, ते म्हणाले, उघडे आहेत. उजवाही पुसला. तोही तसाच. आणि ते माझ्याकडे बघत नाहीत. मी पलंगावरून पाहिलं, मग डॉक्टरीणबाईंचं न ऐकता खिडकीपाशी, दारात उभी राहिले, कुठूनही नाही. ते खाली बघतात, तिच्या डाव्या बाजूला, फोटो जिथे संपतो तिथे.

भिंतीलगत, नेमक्या त्याच जागी खाली, आम्ही बाळाचा पाळणा मांडला होता.

मी ह्यांना पाळणा दुसऱ्या भिंतीला हलवायला लावला. आज सकाळी उठून आधी फोटो पाहिला, मग पाळण्याची नवी जागा पाहिली. काय पाहिलं ते लिहीत नाही, तुम्ही येऊन बघा. हे म्हणतात फोटो काढून कपाटात ठेवू. मी त्यांना अडवलंय, पण किती दिवस अडवू कळत नाही. मला माहीत नाही ती कुणाची वाट बघते आहे, माझी की बाळाची, आणि कशासाठी.

तुमचा फोटो आला असेल तर या. नसेल आला तरी काहीतरी करून या.

मुंगी

*

दि. १४ एप्रिल

चि. सौ. मुंगीस,

बाबाचे आशीर्वाद, तुला आणि पोटातल्याला. व्हिसा झाला. १९ तारखेचं तिकीट आहे. हे पत्र आणि मी, दोघांत आधी कोण पोचतं बघू.

पाच तारखेला खुर्चीत बसलो. सुनेने एकच फोटो काढला, बघितला, आणि यंत्रावर मोठा करून मला जवळ बोलावलं. डोळे उघडे होते. ती म्हणाली, काका, हे तुमच्या डोळ्यांत काय आहे? चार चौकोनांची खिडकी होती, खालचा एक काळा. माझ्या त्या कामाच्या खोलीची खिडकी बुजवून वीस वर्षं झाली, आता तिथे नुसती विटांची भिंत आहे. ती हात लावून बघून आली. मग म्हणाली, हातकाम नाही ना हे? मी म्हटलं, आता नाही. व्हिसाच्या बाईने पुन्हा भिंग लावलं, बराच वेळ बघितलं आणि काही न विचारता शिक्का मारला.

तुझं पत्र काल आलं. वाचून खाली बसलो तो दिवेलागणीपर्यंत उठलो नाही. तिचे डोळे मिटलेले होते, मुंगे. मी ते पाहिले होते, शाई त्यांच्यावरच लावली होती. पण त्या दिवशी त्या खोलीत मी जे पाहिलं ते खरं धरू नकोस, मला तेव्हा काहीच धड दिसत नव्हतं.

एवढं मात्र मला कळलं. तुझ्या आईने तुला पाहिलं नाही. तू रडलीस तेव्हा ती शुद्धीत नव्हती, आणि नंतर आलीच नाही. तू तिच्या डाव्या बाजूला होतीस. ती तिकडेच बघते आहे. तिला तेवढंच बघायचं होतं, आणि मी तिच्या डोळ्यांवर बसून चाळीस वर्षं तिच्या वाटचं बघत राहिलो.

घाबरू नकोस असं सांगायला मी तयार नाही, कारण मी स्वतः घाबरलो आहे. इथून निघताना तीनदा कुलूप ओढून पाहीन, टाकीचा नळ बघीन, आणि वाटेत डोळा लागणार नाही. तरी जावईबापूंना माझा निरोप सांग की फोटो कपाटात ठेवायचा नाही. आणि पाळणा होता त्या जागी परत ठेवा. तिला बघू दे. फार तर मी पाळण्यापाशी खाट टाकून बसतो, तिने बघायचं ते माझ्यासमोर बघावं.

मलाही बघायचं आहे. फिकट आहेत असं तू लिहिलंस. फिकट म्हणजे कसे, राखी की पिंगट, ते लिहिलं नाहीस. लिहू नकोस आता. मी येऊन बघतो.

लोभ आहे, तिच्यावरही होता, तिला ते सांगून ठेव.

तुझा,
बाबा